एकाची संतती की अनेकांची गर्दी? प्लाझ्मा पेशींच्या गाठीच्या निदानाचा इतिहास

१/
नाशिकमधील एखाद्या रुग्णालयात रुग्णाच्या गळ्यातील, नाकामागील किंवा मांडीच्या स्नायूंतील गाठीचा तुकडा काढला जातो. तो फॉर्मॅलिनमध्ये बुडवला जातो, पॅराफिन मेणाच्या ठोकळ्यात बसवला जातो, त्याचे अतिशय पातळ काप रंगवून काचेवर येतात. सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे तर सर्वत्र एकाच जातीच्या पेशी दिसतात, प्लाझ्मा पेशी. आता प्रश्न असा की, या पेशी एखाद्या जंतूशी झुंजण्यासाठी जमलेले सैन्य आहेत, की त्यांच्यातील एका बंडखोर पेशीची संतती? हा प्रश्न नीट विचारायला आणि त्याचे खात्रीचे उत्तर द्यायला वैद्यकाला सुमारे १३० वर्षे लागली. हा धागा त्या प्रवासाचा आहे.

२/
प्रथम थोडी ओळख. प्लाझ्मा पेशी म्हणजे प्रतिपिंडांचे कारखाने. शरीरात शिरलेल्या परक्या पदार्थाला ओळखून त्याला चिकटणारी प्रथिने, म्हणजे प्रतिपिंडे, त्या तयार करतात. त्यांचे मुख्य वसतिस्थान हाडांच्या आतील मज्जा. तेथे त्या अनावर वाढल्या तर ‘मल्टिपल मायलोमा’ हा कर्करोग होतो. क्वचित मात्र अशी गाठ हाडाबाहेर, मऊ ऊतींत, एकटीच उगवते. तिला मज्जाबाह्य प्लाझ्मासायटोमा म्हणतात.

३/
नावाच्या या भेदावर रुग्णाचे भवितव्य टांगलेले असते. दाह असेल तर औषधे पुरतात. एकटी गाठ असेल तर बहुधा किरणोपचाराने ती कायमची जाऊ शकते. तीच गाठ सर्वांगात पसरलेल्या मायलोमाचे टोक असेल, तर साऱ्या शरीरावर उपचार करावे लागतात. आणि तिला चुकून मांसार्बुद, म्हणजे सार्कोमा, समजले तर गरज नसलेली मोठी शस्त्रक्रिया रुग्णाच्या वाट्याला येते. काचेवरचे दृश्य तेच, वाटा चार.

४/
कथेचा आरंभ लंडनमध्ये होतो आणि तोही हाडांपासून, कारण हा रोग प्रथम तेथेच ओळखला गेला. १८४४ मध्ये सॅम्युएल सॉली या शल्यचिकित्सकाने सेरा न्यूबरी या ३९ वर्षांच्या स्त्रीची हकिगत प्रसिद्ध केली. तिची हाडे इतकी ठिसूळ झाली होती की ती सहज मोडत. मृत्यूनंतर पाहिले तेव्हा हाडांतील मज्जेच्या जागी तांबडा मऊ पदार्थ भरलेला आढळला. पुढच्याच वर्षी लंडनमधील टॉमस मॅकबीन या किराणा व्यापाऱ्याला तशाच वेदना सुरू असल्याचे त्याच्या वैद्यांच्या ध्यानात आले.

५/
मॅकबीनचे वैद्य टॉमस वॉटसन आणि विल्यम मॅकइंटायर यांना त्याच्या लघवीत काहीतरी विलक्षण दिसले. १ नोव्हेंबर १८४५ रोजी तिचा नमुना हेन्री बेन्स जोन्स या तरुण रसायनवैद्याकडे पोहोचला. त्यात आम्ल घातले की साका बसे. तापवले की तो विरघळे. थंड होताच पुन्हा प्रकटे. सामान्य अल्ब्युमिन असे वागत नाही. ते तापवल्यावर गोठते आणि गोठलेलेच राहते. रुग्ण १ जानेवारी १८४६ रोजी दगावला. बेन्स जोन्स यांनी मात्र आग्रहाने लिहून ठेवले की, अशा हाडांच्या विकारात या पदार्थाचा शोध घेतला जावा.

६/
येथे इतिहासाची एक गंमत आहे. बेन्स जोन्स यांच्या परीक्षानळीत गुन्हेगाराचा माल सापडला होता. गुन्हेगार कोण, हे मात्र कोणालाच ठाऊक नव्हते. ‘प्लाझ्मा पेशी’ हा शब्दच तेव्हा अस्तित्वात नव्हता. मालाचा आणि त्याच्या कारखान्याचा संबंध जुळायला पुढे शंभरहून अधिक वर्षे जायची होती.

७/
कारखाना दिसू लागला तो रंगांमुळे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मनीच्या रंगोद्योगाने कृत्रिम रंगांचा पूर आणला आणि पेशी प्रथमच ठळक दिसू लागल्या. वाल्डेयर यांनी १८७५ मध्ये ‘प्लाझ्मा पेशी’ हे नाव वापरले, पण ते इतर पेशींना उद्देशून. स्पेनच्या सांतियागो रामोन इ काहाल यांनी १८९० मध्ये उपदंशाच्या ऊतीत या पेशी पाहिल्या. हॅम्बुर्गचे त्वचारोगतज्ज्ञ पाउल उना यांनी १८९१ मध्ये त्वचेच्या क्षयात त्यांचे वर्णन केले. १८९५ मध्ये मार्शाल्को यांनी आजही शिकवली जाणारी खूण सांगितली : एका कडेला सरकलेले केंद्रक, त्यात ठिपक्यांसारखे गोळा झालेले रंगद्रव्य आणि केंद्रकाशेजारी फिकट कवडसा.

८/
या साऱ्या शोधांत एक गोष्ट समान आहे. उपदंश असो वा क्षय, प्लाझ्मा पेशी प्रथम दिसल्या त्या जंतुसंसर्गात, कर्करोगात नव्हे. त्या पाहुण्यांच्या गर्दीप्रमाणे जखमेभोवती जमत. बॉस्टनच्या जेम्स होमर राइट यांनी १९०० मध्ये मायलोमाची गाठ मुख्यतः प्लाझ्मा पेशींचीच बनलेली असते, असे दाखवले. पाच वर्षांनी, १९०५ मध्ये, श्रिडे यांनी हाडांशी संबंध नसलेल्या, मऊ ऊतीतील प्लाझ्मा पेशींच्या गाठीचे वर्णन केले. पेशी तीच. एके ठिकाणी ती रक्षक, दुसऱ्या ठिकाणी तीच रोग. संभ्रमाचा पाया येथे घातला गेला.

९/
संभ्रम किती खोल होता याचे एक उदाहरण एडिंबराचे. तेथील विकृतिशास्त्रज्ञ विल्यम रसेल यांना कर्करोगाच्या ऊतींत चमकदार गोल गोळे दिसले. तो जंतुशास्त्राचा सुवर्णकाळ होता. क्षयाचा जंतू सापडला होता, पटकीचा सापडला होता; मग कर्करोगाचा का सापडू नये? रसेल यांनी १८९० मध्ये जाहीर केले की हे गोळे म्हणजे कर्करोगाला कारण होणारा सूक्ष्मजीव. प्रत्यक्षात ते प्लाझ्मा पेशीच्या पोटात साठून राहिलेले प्रतिपिंड होते. सिद्धान्त कोसळला, पण ‘रसेल पिंड’ हे नाव टिकले.

१०/
भारताच्या संदर्भात हे रसेल पिंड विशेष महत्त्वाचे ठरतात. भारताच्या काही भागांत नाकाचा ‘ऱ्हायनोस्क्लेरोमा’ नावाचा दीर्घकालीन जंतुसंसर्ग आढळतो. त्यात नाकाच्या आत कठीण गाठी वाढतात आणि त्यांत प्लाझ्मा पेशी व रसेल पिंड खच्चून भरलेले असतात. आता योगायोग पाहावा : मज्जाबाह्य प्लाझ्मासायटोमाचे आवडते ठिकाणही नाक, घसा आणि त्यामागील पोकळ्या हेच. अलेक्सिउ आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये १९०५ ते १९९७ या काळातील जागतिक नोंदी एकत्र केल्या. त्यांतील ७१४ गाठी वरच्या श्वसन व अन्नमार्गातील होत्या, तर शरीराच्या उरलेल्या सर्व भागांत मिळून १५५.

११/
म्हणजे नाकातील गाठ, त्यात प्लाझ्मा पेशींची दाटी, आणि निदान दोन टोकांचे. एकावर प्रतिजैविके, दुसऱ्यावर किरणोपचार. नाकात निदान जंतूचा माग काढता येतो : ऱ्हायनोस्क्लेरोमात जंतू पोटात घेऊन फुगलेल्या मिकुलिक्झ पेशी दिसतात. मांडी, पाठ किंवा छातीच्या मऊ ऊतीत मात्र अशी सोयीची खूण नसते. शिवाय पेशी फार विकृत झाल्या असतील तर त्या प्लाझ्मा पेशी आहेत हेही चटकन ओळखू येत नाही. लिम्फोमा, मेलॅनोमा, दूरवरून आलेला कार्सिनोमा, सार्कोमा, साऱ्यांची शंका घ्यावी लागते. उघड्या डोळ्याने नव्हे, तर रंगवलेल्या काचेनेही येथे हात टेकले.

१२/
याच सुमारास महाराष्ट्रात कर्करोगाच्या निदानाची घडी बसत होती. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने निवर्तल्या. त्यातून पुढे आलेले टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी मुंबईतील परळ येथे सुरू झाले. तेथील प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे आली. लंडन विद्यापीठातून विकृतिशास्त्राचे उच्च शिक्षण घेतलेले खानोलकर (१८९५–१९७८) आज भारतातील विकृतिशास्त्राचे जनक मानले जातात. पुढे १९६० ते १९६३ या काळात ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरूही होते.

१३/
खानोलकरांचे मोठेपण केवळ पदांत नाही. त्या काळी भारतातील रोगांचे अर्थ युरोपीय पाठ्यपुस्तकांतून लावले जात. खानोलकरांनी आपल्या काचेवर जे दिसते ते आपल्या लोकांच्या जगण्याशी जोडून वाचले. १९४५ मध्ये त्यांनी आणि सूर्याबाई यांनी भारतीय सवयींशी निगडित कर्करोगांवर निबंध प्रसिद्ध केला. कमरेवर धोतराची गाठ वर्षानुवर्षे घासून होणारा त्वचेचा कर्करोग त्यातूनच जगाला ठाऊक झाला. कोणत्या भूमीतील रोग्याची ऊती आपण पाहत आहोत, याचे भान ठेवणे हा निदानाचा भाग आहे, ही शिकवण नाकातील त्या संशयित गाठीलाही तंतोतंत लागू पडते.

१४/
परंतु ‘गर्दी की संतती’ हा कूटप्रश्न सुटला तो सूक्ष्मदर्शकापासून दूर, रसायनशास्त्राच्या दालनात. स्वीडनच्या आर्ने टिसेलियस यांनी १९३७ मध्ये विद्युतप्रवाहाने रक्तातील प्रथिने वेगळी करण्याचे तंत्र मांडले. १९३९ मध्ये लाँग्सवर्थ आणि सहकाऱ्यांनी मायलोमाच्या रुग्णांचे रक्त त्यातून तपासले, तेव्हा आलेखावर मंदिराच्या कळसासारखे एकच उंच टोक उभे राहिले. १९४८ मध्ये अॅस्ट्रिड फाग्रेयस या स्वीडिश संशोधिकेने प्लाझ्मा पेशीच प्रतिपिंडे तयार करतात, हे दाखवून दिले. माल आणि कारखाना यांची गाठ अखेर पडली.

१५/
कळस एकच का? निरोगी माणसात किंवा दाहात असंख्य प्लाझ्मा पेशी असंख्य प्रकारची प्रतिपिंडे बनवतात. आलेखावर त्यांची रुंद टेकडी दिसते. एकाच पेशीची संतती मात्र एकच प्रतिपिंड बनवते. म्हणून अरुंद कळस. स्वीडनच्याच यान वाल्डेनस्ट्रॉम यांनी १९६०–६१ च्या सुमारास हा भेद ‘अनेकवंशी’ आणि ‘एकवंशी’ अशा शब्दांत मांडला. शतकभर अस्पष्ट असलेला प्रश्न प्रथमच नेमक्या भाषेत विचारला गेला : या पेशी एकवंशी आहेत काय?

१६/
उत्तराची किल्ली बेन्स जोन्स यांच्या जुन्या साक्यात दडलेली होती. १९५६ मध्ये कॉर्नगोल्ड आणि लिपारी यांनी दाखवले की या प्रथिनाचे दोनच वर्ग आहेत. त्यांच्याच आडनावांच्या आद्याक्षरांवरून पुढे ‘कॅपा’ आणि ‘लॅम्डा’ ही नावे रूढ झाली. १९६२ मध्ये एडेलमन आणि गॅली यांनी सिद्ध केले की बेन्स जोन्स प्रथिन म्हणजे प्रतिपिंडाची सुटी हलकी साखळी. १८४५ मध्ये लंडनच्या परीक्षानळीत जे साकळले होते, त्याचा अर्थ ११७ वर्षांनी लागला.

१७/
आता तर्क पाहावा. प्रत्येक प्लाझ्मा पेशी कॅपा किंवा लॅम्डा यांपैकी एकच साखळी निवडते आणि तिची संततीही तीच निवड पुढे चालवते. निरोगी ऊतीत किंवा दाहात दोन्ही प्रकारच्या पेशी मिसळलेल्या असतात. कॅपाच्या सुमारे दोन तर लॅम्डाची एक. गाठीतील जवळजवळ सर्वच पेशी केवळ कॅपा किंवा केवळ लॅम्डा दाखवू लागल्या, तर ती गर्दी नव्हे, एका पेशीची वंशावळ आहे. इतका साधा नियम. पण तो गाठीच्या तुकड्यावर पडताळायचा कसा?

१८/
अमेरिकेतील अल्बर्ट कून्स यांनी १९४१ मध्ये प्रतिपिंडांना चमकणारा रंग जोडून ऊतीतील पदार्थ शोधण्याची युक्ती काढली होती. अडचण अशी की त्यासाठी बहुधा ताजी, गोठवलेली ऊती आणि खास सूक्ष्मदर्शक लागे. जगभरातील नमुने मात्र फॉर्मॅलिन आणि मेणातच साठवले जात. फर्डिनंड ब्लूम यांनी १८९३ मध्ये फॉर्मॅलिनचा हा गुण ओळखला, तेव्हापासून तीच रीत. फॉर्मॅलिन ऊतीला टिकवते, पण तिच्यातील प्रथिनांना जणू कुलूपही घालते. म्हणजे एकवंशीपणाची कसोटी मोठ्या संशोधन केंद्रांपुरती; बाकीच्या जगासाठी दार बंद.

१९/
हे दार १९७४ मध्ये ऑक्सफर्ड येथे उघडले. पॉल नाकाने यांनी १९६० च्या दशकात चमकत्या रंगाऐवजी पेरॉक्सिडेज हे विकर प्रतिपिंडाला जोडले होते. त्यामुळे तपकिरी रंग उमटतो आणि तो साध्या सूक्ष्मदर्शकाने दिसतो. क्लाइव्ह टेलर आणि बर्न्स यांनी हेच तंत्र फॉर्मॅलिन-मेणातील नित्याच्या कापांवर यशस्वी करून दाखवले. आणि त्यांनी त्यासाठी निवडलेले लक्ष्य कोणते? प्लाझ्मा पेशी आणि त्यांच्यातील प्रतिपिंडे. आज जगभर रोज वापरल्या जाणाऱ्या इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीच्या पायाभरणीत प्लाझ्मा पेशीचा असा वाटा आहे.

२०/
दुसरे वळण त्याहून विस्मयकारक. पुढच्याच वर्षी, १९७५ मध्ये, केंब्रिजच्या क्योलर आणि मिलस्टाइन यांनी हवे ते प्रतिपिंड अखंड मिळवण्याची रीत शोधली. त्यासाठी त्यांनी प्रतिपिंड बनवणारी पेशी एका अमर पेशीशी एकजीव केली. ती अमर पेशी कुठली? उंदराच्या प्लाझ्मा पेशींच्या कर्करोगाची. मायकेल पॉटर यांनी अमेरिकेत खनिज तेल टोचून उंदरांत निर्माण केलेल्या गाठींपैकी एकीची वंशज. ज्या रोगाला ओळखायचे, त्याच रोगाच्या पेशीने ओळखण्याचे हत्यार पुरवले. या शोधाला १९८४ चे नोबेल मिळाले.

२१/
पेशी शरीराबाहेर जगवण्याची कला नसती तर हे शक्य झाले नसते. महाराष्ट्रात ही कला रुजवण्याचे श्रेय खानोलकरांच्या विद्यार्थिनी डॉ. कमल रणदिवे यांना जाते. १९१७ मध्ये पुण्यात जन्मलेल्या रणदिवे यांनी १९४९ मध्ये खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली डॉक्टरेट मिळवली, अमेरिकेत जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत अनुभव घेतला आणि परतल्यावर मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. जागतिक विज्ञानाच्या या प्रवाहाशी परळचे नाते असे थेट होते.

२२/
नाशिकसाठी १९७४ च्या त्या शोधाचे मोल वेगळेच आहे. मेणाचा ठोकळा नासत नाही, त्याला बर्फ लागत नाही, तो खिशात मावतो. नाशिकमध्ये काढलेल्या गाठीचा ठोकळा मुंबईला पाठवून तेथे कॅपा-लॅम्डा तपासता येतात. रुग्णाला पुन्हा सुरीखाली जावे लागत नाही. वर्षांपूर्वीचा ठोकळाही कपाटातून काढून नव्याने प्रश्न विचारता येतो. मोठ्या केंद्राचे ज्ञान आणि लहान गावातील रुग्ण यांच्यातील अंतर कापले ते या मेणाने. १९९८ मध्ये महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय नाशिकलाच आले आणि राज्यभरातील भावी विकृतिशास्त्रज्ञांच्या परीक्षांचे सूत्रही तेथूनच हलू लागले.

२३/
म्हणून सारे संपले असे नाही. प्लाझ्मा पेशी ओळखण्यासाठी आज ‘सीडी १३८’ ही खूण वापरतात; पण ती अनेक कार्सिनोमांतही उमटते. केवळ तिच्यावर विसंबले तर कर्करोगाचे कुळच चुकते. १९९७ मध्ये एचआयव्हीबाधितांच्या तोंडातील ‘प्लाझ्माब्लास्टिक लिम्फोमा’चे वर्णन झाले, तो दिसायला प्लाझ्मासायटोमाचा भाऊ, पण स्वभावाने कितीतरी उग्र. काही मंदगती लिम्फोमाही प्लाझ्मा पेशींचे सोंग घेतात. एकवंशीपणा सिद्ध झाला म्हणजे दाह नाकारला गेला, इतकेच. रोगाचे नाव अजून ठरायचे असते.

२४/
आणि नाव ठरले तरी शेवटचा प्रश्न उरतोच : ही गाठ खरोखर एकटी आहे काय? त्यासाठी मज्जेची तपासणी, रक्त-लघवीतील प्रथिनांचा आलेख, हाडांची व सर्वांगाची चित्रे हवीत. २०१४ च्या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार मज्जा निर्दोष, इतर हाडे निरोगी आणि मायलोमाची इतर लक्षणे नसतील, तरच गाठीला ‘एकटी’ म्हणता येते. या तपासण्या उपचारानंतरही चालू ठेवाव्या लागतात. अलेक्सिउ यांच्या संकलनात वरच्या श्वसन व अन्नमार्गातील ६० टक्क्यांहून अधिक रुग्णांत रोग परतला नाही. सुमारे १६ टक्के रुग्णांत मात्र पुढे मायलोमा प्रकटला.

२५/
या इतिहासातून हाती येते ते एक सूत्र. प्लाझ्मा पेशीचे रूप १८९५ मध्येच ठाऊक झाले होते, तरी निदान ऐंशी वर्षे अडखळत राहिले. कारण पेशी कशी दिसते यापेक्षा ती कोणाची वंशज आहे, हा प्रश्न निर्णायक होता. रूप डोळ्यांना दिसते, वंश विचारावा लागतो. बेन्स जोन्स यांनी न समजलेला साका फेकून न देता त्याची नोंद केली, म्हणून पुढच्यांना तो विचारता आला. मऊ ऊतीतील दुर्मीळ गाठीपुढे आजचा विकृतिशास्त्रज्ञ थबकतो, पहिल्या नजरेच्या निदानावर सही करत नाही आणि आणखी दोन काप मागवतो, तेव्हा त्या थबकण्यामागे ही सारी परंपरा उभी असते.

(धागा समाप्त)